मूळ कोडला हात न लावता

सकाळी आठला फोन वाजला. "साहेब, गेटवर चार टेम्पो आल्यात. माल एकाचाच हाय. बाकीच्या तिघांना काय सांगू?"

फोनवर कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीतले स्टोअरकीपर होते. चूक त्यांची नव्हती, टेम्पोवाल्यांचीही नव्हती. विक्रीचं बिल सबमिट झालं की वाहतूकदाराच्या क्लाउड प्रणालीत गाडीची मागणी आपोआप जावी, एवढंच काम करणारं एक अ‍ॅप मी त्यांना लिहून दिलं होतं. आदल्या संध्याकाळी नेट रखडत होतं. मागणी पलीकडे पोचली, टेम्पो ठरलाही, पण 'ठरला' हे उत्तर यायला उशीर झाला. तेवढ्यात माझ्या कोडने हात टेकले, एरर दाखवली आणि बिल पुन्हा कच्चं झालं. स्टोअरकीपरनी परत बटण दाबलं. मग परत, आणि आणखी एकदा. कुणीही दाबलं असतं.

व्यवसायाच्या सॉफ्टवेअरला बाहेरच्या क्लाउड सेवा जोडून देण्याचं काम आज पुण्या-मुंबईतच नव्हे, सांगली-इचलकरंजीतही बरीच मुलं-मुली करतात. कुणी पेमेंट गेटवे जोडतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर बिल पाठवतं, कुणी वजनकाट्याचा आकडा थेट स्टॉकमध्ये आणतं. हे काम करणाऱ्यांसाठी, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उदाहरणं ईआरपीनेक्स्टची घेतो, कारण माझे हात त्यात भाजले आहेत.

ईआरपीनेक्स्ट हे मुंबईत घडलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. रुषभ मेहता यांनी सुरू केलेली फ्रापे ही कंपनी ते सांभाळते. खाली फ्रापे फ्रेमवर्क हा पाया, पायथॉन आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला. त्यावर ईआरपीनेक्स्ट हे एक अ‍ॅप. आपण जे प्लगइन म्हणतो त्याला इथे सरळ 'कस्टम अ‍ॅप' म्हणतात, आणि ते ईआरपीनेक्स्टच्या पोटात नाही तर शेजारी बसतं. नवख्यांच्या लक्षात सगळ्यात उशिरा येते ती हीच गोष्ट.

क्लायंट म्हणतो, बिलावर एक रकाना वाढवा. आपण ईआरपीनेक्स्टची फाइल उघडतो, चार ओळी घालतो, काम दहा मिनिटांत होतं, चहा मिळतो. पुढच्या महिन्यात कुणीतरी अपडेट चालवतं. त्या चार ओळी एक तर पुसल्या जातात, नाहीतर अपडेटच अडकवून ठेवतात. मग क्लायंट अपडेटला घाबरतो, दोन वर्षं जुन्याच आवृत्तीवर बसतो, आणि एके दिवशी सरकारी नियम बदलला की सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून मूळ कोडला हात लावायचा नाही. आपल्या अ‍ॅपमधल्या हुक्स.पीवाय या फाइलमध्ये सांगायचं, की विक्रीचं बिल सबमिट झालं की माझं हे फंक्शन बोलाव. वाढीव रकाने कस्टम फील्ड म्हणून करायचे आणि फिक्श्चर म्हणून अ‍ॅपमध्येच ठेवायचे, म्हणजे नवीन सर्व्हरवर अ‍ॅप बसवलं की रकाने सोबत येतात. क्लायंटच्या चालू साइटवर माउसने केलेले बदल कोडमध्ये नसतात. सहा महिन्यांनी ते कुणी केले, कशासाठी केले, हे देवालाही सांगता येत नाही.

आता त्या चार टेम्पोंकडे येतो, कारण खरी शिकवणी तिथे झाली.

फ्रापेमध्ये बिल सबमिट होतं तेव्हा डेटाबेसचा एक व्यवहार उघडा असतो. बिल, खातेवहीतल्या नोंदी, स्टॉकमधली वजावट, हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं. वाटेत कुठेही एरर आली तर अख्खं गाठोडं मागे फिरतं, यालाच रोलबॅक म्हणतात. आपल्या घरातलं मागे घ्यायला हे उत्तम आहे. पण वाहतूकदाराच्या सर्व्हरवर आपण जे करून आलो, ते आपल्या डेटाबेसला मागे घेता येत नाही. बाण सुटला तो सुटला. मी सबमिटच्या हुकमध्येच थेट बाहेरचा कॉल लावला होता, म्हणजे गाठोडं बांधता बांधताच बाण सोडत होतो.

बाहेरचं काम गाठोड्याबाहेर काढायचं. सबमिटच्या वेळी फक्त एक जॉब रांगेत लावायचा, आणि तोही कमिट झाल्यानंतरच रांगेत जाईल असा. फ्रापेच्या एनक्यू फंक्शनला 'एनक्यू आफ्टर कमिट' असा पर्याय आहे, तो चालू ठेवा. नाही ठेवला, तर कधीकधी मागे बसलेला वर्कर इतका तत्पर असतो की बिल डेटाबेसमध्ये पक्कं होण्याआधीच ते शोधायला जातो आणि 'असं बिलच नाही' म्हणून परत येतो. ही चूक तुमच्या लॅपटॉपवर कधी दिसणार नाही. ती क्लायंटकडे, मार्चअखेरीला दिसेल.

रांगेत टाकलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. पलीकडून उत्तर आलं नाही, तर काय झालं असेल? मागणी पोचलीच नसेल, किंवा पोचून तिथे अडकली असेल, किंवा काम फत्ते झालं आणि फक्त उत्तर हरवलं. आपल्या बाजूने तिन्ही अगदी सारखेच दिसतात. म्हणून पुन्हा पाठवण्याआधी पलीकडच्याला ओळखता आलं पाहिजे, की हे नवं काम नाही, मघाचंच आहे.

याचा सुंदर नमुना, आश्चर्य वाटेल, पण सरकारी आहे. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्ये प्रत्येक बिलाला 64 अक्षरांचा आयआरएन मिळतो. तो लॉटरीसारखा काढत नाहीत. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिलाचा नंबर यांच्यापासूनच तो तयार होतो. तेच बिल दुसऱ्यांदा पाठवलं तर तोच आयआरएन निघतो, आणि पोर्टल 2150 नंबरची एरर देऊन सांगतं, हे आधीच आलंय. नवीन मुलं ही एरर पाहून घाबरतात. उलट ती आनंदाची बातमी आहे: पहिला निरोप पोचला होता. तुमच्या कोडने ती एरर अपयश म्हणून नोंदवू नये. आधीचा आयआरएन घेऊन बिलावर चिकटवावा आणि पुढे जावं.

खाजगी सेवांशी जोडताना हीच युक्ती आपण करायची. बिलाचा नंबर आणि साइटचं नाव मिळून एक खूण बनवा, ती आपल्या लॉगमध्ये आधी लिहा, मगच निरोप पाठवा. पलीकडची सेवा अशी खूण घेत असेल तर उत्तमच. नसेल घेत, तर रिमार्क किंवा रेफरन्सच्या रकान्यात ती घाला, आणि पुन्हा पाठवण्याआधी तिच्यावरून शोधून बघा. माझ्या वाहतूकदाराच्या प्रणालीत रिमार्कचा रकाना पहिल्या दिवसापासून होता. मी तो रिकामा पाठवत होतो.

आणखी एक छोटी गोष्ट, पण तिच्यामुळे रात्री गेल्या आहेत. पायथॉनची रिक्वेस्ट्स ही लायब्ररी, तुम्ही स्वतःहून टाइमआउट दिला नाही तर, उत्तराची वाट पाहत बसून राहते. दोन-तीन वर्कर असे अडकले की रांग तुंबते, आणि क्लायंटची तक्रार येते ती भलतीच: "ईमेल जात नाहीत." ईमेलही त्याच रांगेतून जात असतात ना! प्रत्येक कॉलला टाइमआउट द्या. परत पाठवताना अंतर वाढवत न्या: एक मिनिट, पाच मिनिटं, अर्धा तास, मग माणसाला बोलवा. आणि कुठल्या चुकीवर परत पाठवायचं तेही ठरवा. नेट गेलं असेल तर परत पाठवण्यात अर्थ आहे. पिनकोडच चुकला असेल तर शंभरदा पाठवूनही तो चुकलेलाच राहणार.

काम मागच्या रांगेत गेलं, की समोरच्या माणसाला काही दिसेनासं होतं, आणि ज्याला काही दिसत नाही तो बटण दाबतो. म्हणून बिलावरच एक रकाना ठेवा: गाडीची मागणी रांगेत, गेली, की अडकली. 'अडकली' असेल तर शेजारी कारण, तेही स्टोअरकीपरला कळेल अशा भाषेत. 'कनेक्शन टाइम्ड आउट' हे कारण तुमच्यासाठी. त्यांच्यासाठी 'वाहतूकदाराकडून उत्तर नाही, पाच मिनिटांनी आपोआप पुन्हा पाठवू, बटण दाबू नका'. फाउंड्रीत हा रकाना लावल्यापासून मला संध्याकाळचे फोन जवळजवळ आले नाहीत.

हे सगळं तपासायचं कसं? मी चाचणीच्या वेळी पलीकडच्या पत्त्याऐवजी स्वतःचा एक चिमुकला सर्व्हर लावतो. त्याचं काम एकच: मागणी घ्यायची, वहीत टिपायची आणि चाळीस सेकंद गप्प बसायचं. मग बिल सबमिट करतो, मध्येच वर्कर मारतो, पुन्हा चालू करतो, आणि वही उघडून बघतो. त्या वहीत एका बिलाच्या दोन नोंदी दिसल्या तर अ‍ॅप क्लायंटकडे जात नाही.

पासवर्ड आणि एपीआय की कोडमध्ये लिहू नयेत हे सगळ्यांना पाठ असतं. फ्रापेत त्यासाठी पासवर्ड प्रकारचा रकाना आहे, त्यातलं मूल्य कूटबद्ध होऊन साठतं. पण ते ज्या किल्लीने उघडतं ती किल्ली डेटाबेसमध्ये नसते. ती साइट कॉन्फिग या फाइलमध्ये असते. सर्व्हर बसला, बॅकअप परत चढवला, बिलं आली, ग्राहक आले, आणि एकही क्लाउड सेवा जोडली जाईना, अशी अवस्था मी पाहिली आहे. डेटाबेसचा बॅकअप होता, किल्लीचा नव्हता. दुसऱ्या दिशेनेही जपा. बाहेरची सेवा तुमच्याकडे वेबहुक पाठवणार असेल तर तुमचं फंक्शन पाहुण्यांना उघडं ठेवावं लागतं. त्या दारावर सही तपासणारा पहारेकरी नसेल, तर 'पेमेंट जमा झालं' असं कुणीही येऊन सांगून जाईल.

इथवरचं कौशल्य एकट्याने बसूनही कमावता येतं. पुढचं येत नाही.

2022 मध्ये ईआरपीनेक्स्टची चौदावी आवृत्ती आली. तिच्यात पगार आणि मनुष्यबळाचा सगळा भाग ईआरपीनेक्स्टमधून उचलून वेगळ्या अ‍ॅपमध्ये नेला. शिक्षण, आरोग्यसेवा हेही बाहेर काढले. भारताच्या जीएसटीचं काम 'इंडिया कम्प्लायन्स' या वेगळ्या अ‍ॅपकडे गेलं. निर्णय शहाणपणाचा होता, इतकी वर्षं फुगत गेलेलं घर मोकळं झालं. पण ज्यांची जोडअ‍ॅपं 'पगार ईआरपीनेक्स्टच्या आत आहे' असं गृहीत धरून लिहिली होती, त्यांना अपग्रेडच्या दिवशी एररींची माळ मिळाली. अडचणीत आले ते कमी हुशार होते असं नाही. त्यांनी मूळ प्रकल्पाकडे कधी वळून पाहिलं नव्हतं, एवढंच. हा बदल रातोरात झाला नव्हता. त्याची चर्चा आणि त्याचा कोड गिटहबवर उघड पडलेला होता, आणि जे तिथे येत-जात होते त्यांनी आपली अ‍ॅपं आधीच हलवली.

म्हणून कम्युनिटीत भाग घेणं म्हणजे समाजसेवा असं मी मानत नाही. तो या धंद्याचा रोजचा भाग आहे. शेतकऱ्याने हवामानाचा अंदाज ऐकावा तसा.

सुरुवात कुठून करायची? चूक नीट कळवण्यापासून. 'काम करत नाही, अर्जंट' असं लिहिणाऱ्यांची तिथे कमी नाही. तुम्ही कोरी साइट उभी करा, तुमचं अ‍ॅप त्यात घालू नका, आणि तीच चूक तिथे दिसते का बघा. निम्म्या वेळा दिसत नाही, म्हणजे चूक तुमची असते, आणि जगासमोर लाज जायची वाचते. दिसली, तर कुठली आवृत्ती, कुठल्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं, हे लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना इंग्रजीचं दडपण येतं. इंग्रजी तुटकं असलेलं चालतं, पायऱ्या तुटक असलेल्या चालत नाहीत. आणि स्क्रीनशॉट टाकण्यापूर्वी क्लायंटचं नाव, जीएसटी क्रमांक, बँक खातं खोडा. एकाने घाईत पूर्ण ग्राहकयादी टाकलेली मी पाहिली आहे.

त्यानंतर कोड. पहिला पुल रिक्वेस्ट लहान ठेवा, पाच-दहा ओळींचा, आणि त्यासोबत एक टेस्ट. ईआरपीनेक्स्टमध्ये बदल आधी डेव्हलप शाखेत जातो आणि तिथून जुन्या आवृत्त्यांमध्ये उतरवला जातो, त्यामुळे थेट क्लायंटच्या आवृत्तीवर दुरुस्ती पाठवू नका. तपासणारा 'हे असं का केलं' असं विचारील. तो भांडत नाही, त्याला हा कोड पुढची पाच वर्षं सांभाळायचा आहे. कधी आठवडे जातील, कधी 'नको' असंही उत्तर येईल. माझे दोन नाकारले गेले. त्यातला एक नाकारला गेला तेच बरं झालं असं आता वाटतं.

तुमच्या नोकरीच्या करारात, कामाच्या वेळेत लिहिलेला कोड कंपनीचा असं कलम बहुधा असतं. म्हणून साहेबांना आधी विचारा, आणि लेखी विचारा. परवानगी मागताना 'मुक्तस्रोताचं तत्त्वज्ञान' सांगत बसू नका. सांगा, की ही दुरुस्ती मूळ प्रकल्पात गेली तर दर अपग्रेडला आपल्याला ती पुन्हा जोडावी लागणार नाही. परवाना काय आहे तेही जाणून घ्या: फ्रापे फ्रेमवर्क एमआयटी परवान्याखाली आहे, ईआरपीनेक्स्ट जीपीएल तीनखाली. त्यावरचं अ‍ॅप क्लायंटला विकताना 'सोर्स कोड देणार नाही' असं कोटेशनमध्ये लिहिण्यापूर्वी जाणकाराला गाठा.

प्रत्यक्ष भेटीगाठीही होतात. फॉस युनायटेड ही संस्था शहराशहरांत मुक्तस्रोतवाल्यांचे मेळावे भरवते, मुंबई-पुण्यातही. पुण्यात लिनक्सवाल्यांचा 'प्लग' हा जुना गट आहे. अशा ठिकाणी व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरणारा लगेच ओळखू येतो आणि लगेच विसरलाही जातो. त्यापेक्षा दहा मिनिटं मागून घ्या आणि आपली एखादी फजिती सांगा. मी एकदा चार टेम्पोंची गोष्ट सांगितली. चहाच्या वेळी तिघे जण येऊन हळूच म्हणाले, "आमच्याकडेही असंच झालं होतं." त्यातल्या एकाकडून मला ती रिमार्कच्या रकान्याची युक्ती मिळाली.

ज्यांना कोड पाठवायचं अजून धाडस होत नाही, त्यांच्यासाठी एक काम पडून आहे, आणि ते आपल्याशिवाय कुणी करणार नाही. ते म्हणजे मराठी भाषांतर. इथे शब्दकोश घेऊन बसलं की घोटाळा होतो. डिलिव्हरी नोटचं 'वितरण टिपणी' केलं, तर गोदामातला माणूस स्क्रीनकडे बघून विचारतो, "यात चलन कुठाय?" तो दिवसभर चलन म्हणतो, गेटपास म्हणतो, इनवर्ड म्हणतो. लेजरला खातेवही म्हटलेलं त्याला कळतं, इनव्हॉइसला तो बिल म्हणतो आणि परचेस ऑर्डरला पीओ. मग पीओच ठेवा. भाषांतर करायचं ते त्याच्यासाठी, आपल्या मराठीच्या पेपरासाठी नव्हे.

वर्ष-दोन वर्षं असं येणंजाणं राहिलं, की तुमच्या अ‍ॅपचं रूप बदलू लागतं. सुरुवातीला आपल्याला अ‍ॅप वाढत जाण्याचा अभिमान असतो: इतक्या फाइली, इतके रकाने. पुढे कळतं, की जी ओळ सगळ्यांच्या उपयोगाची आहे ती मूळ प्रकल्पात किंवा इंडिया कम्प्लायन्ससारख्या सामायिक अ‍ॅपमध्येच असायला हवी; आपल्याकडे राहावं फक्त त्या फाउंड्रीचं, त्या गेटचं वैशिष्ट्य. उदाहरणार्थ, जीएसटीच्या नियमाने बिलाचा नंबर 16 अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, आणि ईआरपीनेक्स्टची मूळची नंबरमालिका 19 अक्षरांची भरते. ही तपासणी मी माझ्या अ‍ॅपमध्ये मोठ्या हौसेने लिहिली होती. तीच तपासणी इंडिया कम्प्लायन्समध्ये आहे, शिवाय ती सांभाळायला माझ्यापेक्षा जास्त माणसं आहेत. मी माझी काढून टाकली.

फाउंड्रीचं ते अ‍ॅप आता पहिल्यापेक्षा निम्म्याहून लहान आहे. तिथले स्टोअरकीपर अजूनही, गाडी वेळेवर आली तरी, एकदा वाहतूकदाराला फोन करून खात्री करून घेतात. तुमच्या हातात आज अर्धा तास असेल, तर तुमच्या क्लायंटची साइट कॉन्फिगची फाइल बॅकअपमध्ये जाते आहे का, एवढं बघून घ्या.